लांब

"नजर हलवू नका," एवढंच मी फोनवर सांगतो.
"काठी घेऊ नका, जवळ जाऊ नका,
कुठं शिरतोय तेवढं बघत राहा. आलोच."

मग किक. पाठीला शिवून घेतलेली पिशवी,
तिच्या तोंडाला दीड फूट पीव्हीसी पाईप,
आणि पोवई नाक्यावरच्या वेल्डरनं वाकवून दिलेला हूक.

शाहूनगरचा रस्ता चढत चढत संपतो
तिथं अजिंक्यतारा सुरू होतो.
मध्ये कुंपण आहे. ते फक्त माणसांना कळतं.

बंगल्यांची नावं वाचत जायचं:
मातृछाया, श्रमसाफल्य, निवांत.
निवांतमधनं कायम फोन येतात.

पण हा शेवटचा बंगला. नाव नाही, नुसता नंबर.
वनमाला जंगम, पाटबंधारे खात्यातून निवृत्त,
वॉशिंग मशीनपासून चार हातांवर खुर्ची टाकून बसलेल्या.
वाढे फाट्याला ट्रक आडवा होता, मला चाळीस मिनिटं लागली.
गॅसवर दूध उतू जाऊन करपलेलं, घरभर वास.
"तुम्हीच म्हणालात," त्या म्हणाल्या.

धामण होती. सात फूट. शेपटीचं टोक तुटलेलं.
बिनविषारी आहे, मी म्हणालो, घुशी खाते,
म्हशीचं दूध पिते म्हणतात ते खोटं.
"ही डोळे मिटत नाही ना हो?"
"पापण्याच नसतात."
"तरीच. मीच आधी हरले."

पाईपचं तोंड समोर धरलं
की अंधार बघून ती आपणच आत जाते.
लोकांना वाटतं मी पकडतो.
मी नुसता बीळ धरून उभा असतो.

पेट्रोलचे दोनशे. पाचशेची नोट, सुट्टे नाहीत.
आणि फाटकापाशी तो प्रश्न, सगळेच विचारतात तो:
"लांब सोडणार ना?"
"लांब," मी म्हणालो.

हा शब्द कुणाला कासपर्यंत वाटतो,
पोरांना समुद्रापर्यंत,
एकांनी तर विचारलं होतं, कर्नाटकात नाही का जमणार?

लांब नेलेला साप जगत नाही.
दगड ओळखीचा नाही, पाण्याची वाट ठाऊक नाही;
भटकतो, आणि कुणाच्या तरी टायरखाली येतो.
म्हणून मी गाडीचा आवाज तेवढा लांब नेतो,
वळणावर बंद करतो,
आणि ढकलत ढकलत मागच्या ओढ्याला येतो.
कुंपणापासून दोनशे पावलं. करवंदीची जाळी. पिशवी उलटी.
वहीत लिहितो: तारीख, जात, लांबी,
सोडल्याचं ठिकाण: नैसर्गिक अधिवास.
फॉरेस्टच्या साहेबांनी दिलेला शब्द. त्यात सगळं मावतं.

तिसऱ्या आठवड्यात तोच नंबर.
"या. घाई नाही."

दूध उतरवून ठेवलेलं. खुर्च्या दोन.
मशीनमागं धामण. शेपटीचं टोक तुटलेलं.
मी खाली मान घालून हूक पुसत राहिलो,
आधीच पुसलेला.

तीस वर्षं पाण्याची पातळी मोजलेली बाई.
"लांब म्हणजे किती," त्या म्हणाल्या, "ते कळलं मला."

मी गप्प.

"माझी एकदा बदली झाली होती. लांब. चंद्रपूरला.
क्वार्टर चांगलं होतं, माणसं चांगली होती.
पण मावळतीला डोंगरच नाही हो.
वर्षभर मला कळेना, संध्याकाळ झाली हे ओळखायचं कशावरनं."

खिडकीत किल्ल्याची कड काळी पडत होती,
टॉवरचा लाल दिवा लागला.
धामणीनं जीभ बाहेर काढून घरातली हवा चाखली
आणि वेटोळं थोडं सैल केलं.

मी पिशवीची नाडी सोडायला गेलो.
"राहू द्या जरा," म्हणाल्या,
"बसा तिथं. आता तुम्ही नजर हलवू नका,
मी आलं किसते."